माझी जागा अजून मंजूर आहे

मी 2019 मध्ये नाशिकमधील एका अनुदानित महाविद्यालयातून पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो. माझी जागा कोणी रद्द केलेली नाही. मंजूर आकृतिबंधात (शासनाने मान्य केलेल्या पदांच्या यादीत) ती आजही आहे, फक्त त्या जागेवर माणूस नाही.

उच्च शिक्षणाच्या खर्चात कपात झाली का, असे विचारले की अर्थसंकल्पातील वाढलेली तरतूद दाखवली जाते. तो आकडा खोटा नसतो, कारण जे सेवेत आहेत त्यांचे वेतन आणि जे निवृत्त झाले त्यांचे निवृत्तिवेतन (त्यात माझेही आलेच) दरवर्षी वाढतच असते. कपात होते ती न भरलेल्या पदांतून, आणि तिचे अर्थसंकल्पात कुठे स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाच्या नोंदीचे शीर्षक) नसते.

नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात 3,580 सहायक प्राध्यापकांच्या भरतीला परवानगी मिळाली. त्यांपैकी 1,492 जागा भरून झाल्या असतानाच 4 मे 2020 चा वित्त विभागाचा शासन निर्णय आला, ज्याने बहुतेक विभागांचा त्या वर्षीचा निधी तरतुदीच्या 33 टक्क्यांवर आणला आणि आरोग्य सेवा वगळता नवीन भरती थांबवली. करोनाच्या काळात ते समजण्यासारखे होते. उरलेल्या 2,088 जागांना पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी मिळाली, पण या सगळ्या हिशेबात आमच्यासारख्या 2018 च्या परवानगीनंतर निवृत्त झालेल्यांच्या जागा नव्हत्याच.

माझे तास आता तासिका तत्त्वावर नेमलेला एक तरुण घेतो. तो नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे आणि, प्रामाणिकपणे सांगतो, माझ्यापेक्षा चांगला शिकवतो. सकाळी गंगापूर रोडवरचे तास संपवून तो दुचाकीने दुसऱ्या महाविद्यालयात दिंडोरीला जातो. ‘‘मे महिन्यात काय करता?’’ असे मी त्याला विचारले होते. ‘‘सर, तास नाहीत तर मानधन नाही. क्लासला शिकवतो,’’ तो म्हणाला. अशा माणसाने संशोधन केव्हा करायचे आणि विद्यार्थ्यांनी शंका विचारायला त्याला कुठे गाठायचे?

विद्यापीठांचेही तेच होते. मंजूर पदांवर असलेल्यांच्याच वेतनाचा भार शासन उचलते. रिकाम्या पदांवर कंत्राटी प्राध्यापक नेमायचे तर विद्यापीठाला स्वनिधीत हात घालावा लागतो. हा स्वनिधी मोठ्या प्रमाणावर परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क आणि संलग्नीकरण शुल्कातून येतो. आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांचे आहे. म्हणजे सुरगाण्याच्या किंवा पेठच्या महाविद्यालयातील मुलीने भरलेल्या परीक्षा शुल्काचा काही भाग, ती विद्यापीठाच्या ज्या विभागाची पायरी बहुधा कधी चढणार नाही, तिथल्या कंत्राटी वेतनाकडे वळतो. शासनाने टाळलेला खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो, ते यावरून कळावे.

2024 मध्ये वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. निर्णय चांगला आहे आणि मी त्याचे स्वागतच केले. परंतु शुल्कमाफीचे फलक चौकाचौकांत लागतात, रिक्त पदांचा फलक मात्र कोणी लावत नाही. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्चाची शिफारस केली होती आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच 6 चा आकडा पुन्हा आला. मी विद्यार्थी असल्यापासून तो ऐकतो आहे.

गेल्या महिन्यात जुन्या प्रयोगशाळेत सहज डोकावलो. वेतनेतर अनुदानात उपकरणांची दुरुस्ती बसत नाही, त्यामुळे चालू स्थितीतला वर्णपटमापी (प्रिझममधून वळलेल्या प्रकाशाचे कोन मोजणारे उपकरण) एकच उरला होता आणि त्याच्या प्रिझमचा कोपरा उडालेला होता. भोवती सहा मुली उभ्या होत्या. एक दुर्बिणीतून पाहून व्हर्नियर मोजपट्टीवरचे अंश सांगत होती, बाकीच्या लिहून घेत होत्या. तास संपल्यावर मी वह्या चाळल्या, तर सहाही वह्यांत वाचने कलेपर्यंत (अंशाच्या साठाव्या भागापर्यंत) तंतोतंत सारखी होती.