‘दोरीऐवजी सायकलची चेन लावा’ म्हणे!

गणपती गेले की कोकणात कलमांच्या बागांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, सुरू होते, आणि तिच्याबरोबर ग्रास कटरवाल्यांच्या ग्रुपांवर एक जुना मेसेजही नव्याने फिरू लागतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा: गवत कापणाऱ्या नायलॉनच्या फिरत्या दोरीवर पैसे घालवू नका, सायकलच्या चेनचे तुकडे लावा. पात्यावरचा गार्ड काढून टाका, गवत अडकत नाही. पेट्रोलमध्ये ऑईल दुप्पट टाका, इंजिन दुप्पट टिकतं. गवत गुंडाळलं तर रेस सोडून हातानेच ओढून काढा. हंगाम संपला की टाकी भरून ठेवा, गंज धरत नाही. आणि गिअरला ग्रीस भरा. या सहा गोष्टींपैकी शेवटची बरोबर आहे. बाकीच्यांचा समाचार घ्यायलाच हवा, कारण त्यातल्या दोन जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिली चेनची. नायलॉनची दोरी झिजते, तुटते, हे खरंच. जांभ्याच्या गडग्याकडेने फिरवली तर बघता बघता संपते. पण ती तुटते म्हणूनच ती सुरक्षित आहे. दगडाला लागली की वाकते, टोक झिजतं किंवा उडतं, आणि उडालेला तुकडा हलका असतो. चेनचं तसं नाही. तिची प्रत्येक कडी पिनेवर धरलेली असते. दगडावर आपटून आपटून पीन सैल होते आणि एखाद्या फेऱ्यात लोखंडाची कडी सुटून निघते. किती वेगाने, याचा हिशेब करून बघा. साधारण २५५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त. चेनचा घेर मोठा असला तर आणखी. ती कडी कुठे जाईल हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. युरोपात कड्या जोडलेली अशी धातूची जोडणी बाजारात विकली जात होती. त्यातून एक जीव गेला आणि २०१२मध्ये युरोपीय आयोगाने ब्रश कटरसाठी, म्हणजे आपल्या ग्रास कटरसाठी, असल्या जोडण्या विकायलाच बंदी घातली. कारखान्यात बनवलेल्या वस्तूची ही गत, मग आपण तारेने बांधलेल्या चेनबद्दल काय बोलायचं? शिवाय एवढ्या वजनासाठी क्लच आणि गिअरचे बेअरिंग बनवलेलेच नसतात. दोरीचे वाचवलेले पैसे गॅरेजमध्ये मोजावे लागतात ते वेगळेच. रानमोडी, घाणेरी जाड झाली असेल तर दोरीचा हट्ट सोडा आणि कंपनीने त्या मशिनसाठी दिलेलं दात्यांचं पातं लावा.

गार्डचं म्हणणं अर्धं खरं आहे. ओलं गवत गार्डखाली गोळा होतं, मशीन जड होतं, माणूस वैतागतो. पण त्यावर उपाय आहे: दव वाळल्यावर काम सुरू करायचं, आणि पातं लावलंय की दोरी हे बघून त्याचाच गार्ड बसवायचा. गार्ड काढला की पात्याने उडवलेला खडा थेट नडगीवर नाहीतर तोंडावर येतो. दोरीच्या गार्डवर एक छोटी सुरी असते, ती जादा दोरी कापते. गार्ड नसला की दोरी लांब सुटते, इंजिनावर ताण येतो, ते तापतं. म्हणजे मशीन हलकं करायला जावं आणि इंजिन मारून घ्यावं! गार्ड असला तरी जाळीची किंवा पॉलिकार्बोनेटची ढाल तोंडावर हवीच, उन्हाचा गॉगल त्या जागी चालत नाही. गमबूटही हवेत, आपल्याकडे गवतात फुरसं असतं एवढं कारणसुद्धा पुरे. आणि १५ मीटरच्या आत दुसरं कोणी नको. गवत गोळा करणाऱ्या बायका पाठोपाठ चालत असतात, ते आधी थांबवा.

रेस सोडून हाताने गवत ओढायचं? रेस सोडल्यावरही पातं काही वेळ फिरत राहतं. आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) वाढलेलं असेल किंवा क्लचची स्प्रिंग गेली असेल तर ते थांबतच नाही. इंजिन बंद करा, पातं थांबलेलं डोळ्यांनी बघा, मग हात घाला. पातं बदलताना प्लगची टोपीही काढून ठेवा. बहुतेक मशिनांत पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. तो सोडवायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. नेहमीच्या सवयीने जोर लावणारे तो आणखी आवळत बसतात.

दुप्पट ऑईल टाकणाऱ्याने एकदा प्लग काढून बघावा. टोक काळंकुट्ट आणि ओलसर दिसेल. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही काजळीने बुजते. मग मशीन रेस घेत नाही आणि दोष कार्बोरेटरला दिला जातो. पुस्तिकेत पेट्रोल आणि ऑईलचं प्रमाण ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. कमी टाकलं तर पिस्टन जाम होतो, म्हणून अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईलच घ्या, बाईकचं इंजिन ऑईल नको. आणि मशीन फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचंच नाही, त्याची ऑईलची जागा वेगळी असते.

टाकी भरून ठेवायचा सल्ला बहुधा जुन्या स्कूटरवरून आलाय. तिची टाकी पत्र्याची. ग्रास कटरची टाकी प्लॅस्टिकची, ती गंजणार कशी? उलट आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं, ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतली नळी मात्र तळाशी पडलेल्या फिल्टरमधून ओढते. म्हणजे पुढच्या हंगामात चालू करताना इंजिनात जे जातं त्यात ऑईल जवळपास नसतंच. कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होतो तो वेगळा. टाकी रिकामी करा, उरलेलं संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ठेवून द्या.

राहिलं ग्रीस. साधारण २०-२५ तास चालल्यावर गिअरपेटीचा स्क्रू काढून आत डोकवा. काठाशी ग्रीस दिसत नसेल तरच थोडं घाला. ठासून भरलं तर गिअर तापतो आणि ग्रीस सीलमधून बाहेर येतं. मेसेजमध्ये एवढं लिहिलं असतं तर निदान ती एक ओळ पुढे पाठवण्यासारखी झाली असती.