‘भानगडीत पडू नका’ या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा आला. वर लाल सायरनचं चित्र, खाली मजकूर: ‘रस्त्यात अपघात दिसो की मारामारी, थांबू नका. पोलीस तुम्हालाच अडकवतात. हॉस्पिटल बिल तुमच्या गळ्यात मारतं. साक्षीसाठी वर्षानुवर्षं चकरा. मध्ये पडणाऱ्याचाच जीव जातो. आणि एवढी गर्दी असताना तुम्हीच कशाला? गर्दीत कुणी पुढे येत नाही हे मानसशास्त्रानंही सिद्ध केलंय. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ त्याखाली चौदा अंगठे. त्यातला एक, दोन वर्षांपूर्वीचा असता तर, माझाही असता.

पोलीस अडकवतात, यापासून सुरू करू. ही भीती हवेतून आलेली नाही. आपल्या आधीच्या पिढीनं पंचनाम्यावर सही करून पस्तावलेली माणसं पाहिलीत. पण अपघाताच्या बाबतीत कायदा बदललाय. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम. जखमीला चांगल्या हेतूनं मदत केली आणि दुर्दैवानं तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलिसांना करता येत नाही. सांगितलात तर तुमच्या मर्जीनं.

बिलाचा मुद्दा मी स्वतः अनुभवलाय. पावसाळ्यात सिंहगड रोडवर एक बाई स्कूटरवरून घसरल्या. डबा उघडून भेंडीची भाजी रस्त्यावर, एक चप्पल दुभाजकापाशी. पंधरा-वीस माणसं गोल करून उभी. कुणीतरी बाटली पुढे करून त्यांना पाणी पाजायच्या बेतात होता (शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला पाणी पाजू नये, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं, पण आपल्याकडे आधी बाटलीच निघते). आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घातलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ कुणी नाही म्हटल्यावर, ‘मग डिपॉझिट कोण भरणार?’ मी खरंच खिशात हात घातला होता. रिक्षावाला मात्र काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, ‘मॅडम, आधी आत घ्या, पैशाचं त्यांच्या घरचे बघतील.’ घेतलं आत.

त्याला कायदा माहीत होता की नुसता अनुभव, कोण जाणे. पण कायदा त्याच्याच बाजूचा आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यामागे असाच एक प्रकार होता: अपघातातल्या स्कूटरस्वाराला ‘ही पोलीस केस आहे’ म्हणून जवळच्या हॉस्पिटलनं घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याकडे पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. आधी जीव वाचवा, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच सांगितलं. आणून सोडणाऱ्याकडून दाखल करण्याचे पैसे मागता येत नाहीत. त्याच्या हक्कांची सनद हॉस्पिटलच्या दाराशी स्थानिक भाषेत लावायची असते. २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतच्या विनारोख उपचारांची केंद्राची योजनाही आहे. काउंटरवर हे सगळं आपोआप घडतं असा माझा दावा नाही. कधी आवाज चढवावा लागतो. पण बिल तुमच्या गळ्यात नाही.

साक्षीच्या चकरा: अपघातात मदत करणाऱ्यानं साक्षीदार व्हायचं की नाही, हे तोच ठरवतो. तयार झालाच तर जबाब एकदाच, त्याच्या सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशात येऊन घ्यावा असं नियमात आहे. हाणामारी किंवा खुनाला मात्र हे संरक्षण लागू नाही. तिथे साक्ष म्हणजे समन्स आणि तारखा, हे मान्य. फॉरवर्डमधला अर्धा खरा मुद्दा हाच.

आता ‘मध्ये पडणाऱ्याचाच जीव जातो’. हे लिहिताना सगळ्यांच्या डोक्यात अंबोली असते. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीत मैत्रिणींच्या छेडछाडीला हरकत घेणाऱ्या दोन तरुणांना टोळक्यानं भोसकलं, दोघेही गेले. हे उदाहरण देऊन ‘बघा’ म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीचा उरलेला भागही सांगावा. हल्लेखोर एकदा निघून गेले, मग जास्त माणसं आणि हत्यारं घेऊन परतले. आजूबाजूला लोक होते आणि ते बघत राहिले. त्या दोघांना हरकत घेतल्याची शिक्षा मिळाली हे खरंच, पण ते दोघेच उरले होते हेही तितकंच खरं.

त्यासमोर २७ जून २०२३ ची सदाशिव पेठ ठेवा. भर सकाळी कोयता घेऊन मुलीच्या मागे धावणारा तरुण, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी त्याला धरलं. मुलगी वाचली. आणि जानेवारी २०२५ मधलं येरवडा: कंपनीच्या पार्किंगमध्ये एका तरुणीवर सहकाऱ्यानं वार केले, लोक लांबून बघत होते, हातातले मोबाईल उंचावलेले होते. त्यानं हत्यार टाकल्यावर तेच लोक त्याला चोपायला धावले. तिचा जीव गेला. धाडस कमी होतं म्हणावं, तर नंतर ते कुठून आलं?

कोयत्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहा असं मी कुणाला सांगणार नाही. मी स्वतः राहीन का, माहीत नाही. पण ‘मध्ये पडणं’ म्हणजे फक्त हत्यार धरणं, ही फॉरवर्डची चलाखी आहे. ११२ लावणं, दहा जणांनी एकदम ओरडणं, गाडीचा हॉर्न दाबून धरणं, वॉचमनला हाक मारणं, पोरीला दुकानात ओढून शटर खाली करणं, हे कशात मोडतं?

राहिलं मानसशास्त्र. ही गोष्ट न्यूयॉर्कची. मार्च १९६४ मध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ जण बघत राहिले अशी बातमी छापून आली. पुढे कळलं की बहुतेकांना काही नीट दिसलंच नव्हतं, एकानं खिडकीतून ओरडल्यावर हल्लेखोर काही वेळ पळालाही होता, आणि एक शेजारीण खाली धावली. मदत येईपर्यंत तिनं किटीला मिठीत धरून ठेवलं. ९११ हा अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा क्रमांक तेव्हा अस्तित्वातच नव्हता. छापणाऱ्या वृत्तपत्रानंही २०१६ मध्ये त्या बातमीतल्या चुका कबूल केल्या.

त्या बातमीतून निघालेला १९६८ चा प्रयोग मात्र खरा आहे. शेजारच्या खोलीतल्याला फिट आल्याचं ऐकून, आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लगेच उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. पण २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊनच्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तर दहांपैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं. आणि गर्दी जितकी जास्त, तितकी कुणीतरी पडण्याची शक्यता जास्त. यात विसंगती नाही. एकेकटा माणूस कचरतो, पण वीस जणांतला कुणीतरी निघतो. म्हणून ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडू नये. सिंहगड रोडवर त्या रिक्षावाल्यानं बोट दाखवून म्हटलं होतं, ‘ओ चेक्स शर्ट, तुम्ही पाय धरा.’ चेक्स शर्ट मी होतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांचा तासाभरानं प्रश्न आला, ‘१०८ ला फोन केला तर नाव सांगावं लागतं का?’

मी लिहिलं, ‘विचारतील, काका. पण आधी ठिकाण विचारतात. जवळची खूण लक्षात ठेवा.’