मरावे परी ठेक्यात मरावे

मरायचा बेत असेल (नसला तरी तो ठरलेलाच आहे), तर आधी थोडं साल्सा संगीत ऐकून घ्या. क्यूबा, प्वेर्तो रिको, न्यूयॉर्क, कोलंबिया इथल्या मंडळींनी या कार्याची चोख व्यवस्था लावून ठेवली आहे. शोकालाही जागा आहे. नाचणारा एक-दोन-तीन, पाच-सहा-सात या ठोक्यांवर पावलं टाकतो. चौथा आणि आठवा रिकामा. काय रडायचं ते तेवढ्यात उरका.

डोक्यावर कर्ज असेल तर ‘एल मुएर्तो बिबो’ (जिवंत मयत) या गाण्याचा मार्ग धरा. गियेर्मो गोन्सालेस आरेनास या कोलंबियन गीतकाराचा नायक पगार हातात पडताच आठवडाभर पिऊन गायब होतो. दरम्यान त्याच्यासारखं दिसणारं एक प्रेत सापडतं. नऊ दिवस प्रार्थना होतात, सावकार उदार होऊन कर्ज माफ करतात, आणि पुरून झाल्यावर स्वारी हसत घरी येते. बायको मात्र म्हणते, मेलेल्या माणसाशेजारी मी झोपणार नाही. तेव्हा कर्जमाफीचं लेखी घ्या, आणि अंथरुणाची सोय दुसरीकडे बघा.

खरोखरच जायचं असेल तर पोशाखाकडे लक्ष द्या. ‘पेद्रो नाबाखा’ या गाण्यातला गुंड पेद्रो बघा: तिरकी हॅट, काळा चष्मा, हसला की रस्ताभर चमकणारा सोन्याचा दात. एवढा नटून तो एका वेश्येला लुटायला जातो. तो सुरा खुपसतो, ती गोळी घालते, दोघंही आडवे. एक खिडकी उघडत नाही, एक माणूस विचारत नाही. शेवटी एक दारुडा येतो, पिस्तूल, सुरा आणि पैसे उचलतो आणि बेसूर गात निघून जातो. म्हणून सांगतो, मरायला जाताना खिशात रोकड ठेवू नये.

पनामाचा गायक-गीतकार रुबेन ब्लेड्सने हे सात मिनिटांहून लांब गाणं ट्रॉम्बोनवादक विली कोलोनसोबत 1978 साली आणलं. पेद्रोचा पूर्वज म्हणजे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’तला गुंड मॅक. त्याच साली पु. लं.नी तोच मॅक पुण्यात ‘तीन पैशाचा तमाशा’त उभा केला. ब्रेख्तने त्याला फासापाशी माफी तरी दिली होती. ब्लेड्सने एवढंही औदार्य दाखवलं नाही. उलट पेद्रोच्या मयतावर जगभर लग्नसमारंभांत माणसं घाम गाळतात. (त्यांच्यापैकी कितीजण शब्द ऐकतात, हे विचारू नका.)

गायक मात्र होऊ नका. ब्लेड्सनेच लिहिलेलं ‘एल कांतान्ते’ (म्हणजे ‘गायक’) प्वेर्तो रिकोचा साल्सा गायक एक्तोर लावो गायला: लोक नाचायला पैसे मोजतात, तुम्हाला काय दुखतंय ते विचारायला नाही. लावो 1993 मध्ये गेला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पुरला, 2002 मध्ये उकरून पोन्सेला, त्याच्या गावी नेला. मेल्यावरही दौरा! करारात प्रवासभत्त्याचं कलम आधीच घालून घ्या.