पाडा म्हणणाऱ्यांनी आधी मोरीखालची तुळई बघावी

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज हमखास फिरतो. यंदा आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मामेभावाने पाठवला, मग जुन्या ऑफिसातल्या एकाने ‘विचार करण्यासारखं आहे’ अशी शेपटी लावून. मजकूर थोडक्यात असा: मुंबईच्या फोर्टातल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारतींचं आयुष्य संपलंय. त्यांच्या दुरुस्तीवरचा खर्च पाण्यात जातो. वारसा यादीने मालकांना बुडवलं आणि इमारतींचं म्युझियम करून टाकलं. शिवाय या गुलामीच्या खुणा, त्या जपायच्या कशाला? पाडा आणि नवं बांधा.

मी फोर्टातल्याच बोरा बाजारात सतरा वर्षं कारकुनी केली. टेकूंच्या मधून वाट काढत जिना चढलोय. त्यामुळे जुन्याचे गोडवे गायला बसलेलो नाही.

आधी ‘आयुष्य संपलंय’ बघू. जुलै 2020 मध्ये फोर्टातल्याच भानुशाली इमारतीचा भाग कोसळला, माणसं गेली. हे कोण नाकारेल? पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाडची तारिक गार्डन पडली, तिला धड दहा वर्षंही झाली नव्हती. 2013 मध्ये शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत बांधता बांधताच बसली, 74 जण गेले. 2017 ची घाटकोपरची सिद्धी साई काही इंग्रजांच्या काळातली नव्हती. तिथे तळमजल्यावरच्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा नुसतं वय विचारून काही कळत नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची सामायिक मोरी वर्षानुवर्षं गळायची. दरवेळी कोणीतरी खालून सिमेंटचा गिलावा थापायचा, वर डिस्टेंपर. शेवटी एकदा मिस्त्रीने तो गिलावा उतरवला. सागवानी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक, वीतभर, पार भुगा झालेलं. बोट घातलं तर आत जात होतं. तिथून दोन हात अलीकडे त्याने पटाशी ठोकली तर लाकूड खणखणीत वाजलं. त्याने कुजका भाग कापला, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून बोल्ट आवळले आणि भिंत पुन्हा चुन्यात भरली. चुन्याची भिंत ओल घेते, तशी सोडतेही. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि लाकूड खाते. म्हणजे शंभर वर्षांत जे झालं नव्हतं, ते आमच्या ‘दुरुस्ती’ने करून दाखवलं.

यातच खर्चाचंही उत्तर आहे. मोरी गळायला लागली त्या वर्षी काम चार पाइपांचं होतं. वीस वर्षांनी ते तुळईचं झालं, आणखी दहा वर्षं थांबलो असतो तर मजल्याचं झालं असतं. काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, पाहा. 1860 च्या दशकात ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेतून सुटा आणून जोडलेला. 2005 मध्ये त्याचा एक भाग कोसळून जीव गेला, 2019 मध्ये रहिवासी आणि वकिलांच्या कचेऱ्या बाहेर काढाव्या लागल्या. पाडावी की सावरता येईल, यावर तज्ज्ञांतच दोन तट. इतकी वेळ येऊ दिली की दुरुस्ती महागणारच.

मालकाच्या तोट्याबद्दल मात्र मेसेजवाल्यांचं दुःख खरं आहे, आरोपी चुकीचा. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण त्याच जुन्या आकड्यावर. दोनशे रुपयांवर चार टक्के म्हणजे आठ रुपये, त्यात कोणता मालक मिस्त्री बोलावणार? मुंबईची वारसा नियमावली आली 1995 मध्ये, भाडं गोठल्यावर 48 वर्षांनी. उलट यादीमुळे ज्या मालकाचा विकासहक्क अडतो, त्याला त्यापोटी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची सोय त्या नियमावलीतच आहे. ती मिळवताना किती चपला झिजतात हा वेगळा विषय, आणि त्यावर कोणी मेसेज काढला तर मीही पुढे पाठवीन.

‘म्युझियम झालं’ हे तर फोर्टात पाय न ठेवलेल्या माणसानेच लिहावं. जुनं सचिवालय आज दिवाणी व सत्र न्यायालय आहे, सकाळी तिथे पक्षकारांची गर्दी बघा. 1911 चा कावसजी जहांगीर हॉल सभा-मैफलींचा होता. त्याचा बाहेरचा दगडी साज तसाच ठेवून आत एकावर एक दालनं रचली आणि 1996 पासून तिथे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. बरं, हे एक म्युझियम झालं खरं, तेवढा गुण त्यांना देऊ.

राहिली गुलामी. राजाबाई टॉवरला पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. व्हीटीवरची नक्षी जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची. ताजमहाल हॉटेलच्या आराखड्यावर नाव रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्यांचं.

आणि रीगल सिनेमासमोरची ती दगडी इमारत, जिच्यावरून आपण रोज बसने जातो. 1876 मध्ये खलाशांचं वसतिगृह म्हणून उघडली. देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची. 1928 मध्ये सरकारने ती कायदेमंडळासाठी घेतली. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर राज्याचं विधिमंडळ 1981 पर्यंत तिथेच भरायचं. नवं विधानभवन झालं आणि पुढच्या वर्षी पोलीस आले. आज वर दर्शनी शिल्पात समुद्रदेव नेपच्यून बसलाय आणि खाली महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय चाललंय. मामेभावाला मी तिचाच फोटो पाठवला. अजून निळी टिक आलेली नाही.