प्रीवेडिंगला कुत्रा आणताय? मग वेळ त्याची धरा

साखरपुडा झालेल्या जोडप्यांचे फोटो काढणं हे माझं काम. हल्ली शूट ठरवताना "आमचा कुत्रापण असणार हं" असं बरेच जण सांगतात, आणि मला मनापासून आनंद होतो. पण लगेच "त्याला मॅचिंग शेरवानी शिवलीय" असं ऐकलं की मी तिथेच नको म्हणते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तेही धड जमत नाही. त्यात अंगावर जरीचं कापड आणि पायाखाली काशीदची दुपारची वाळू! हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. म्हणून कुत्रा असेल तर मी सकाळी ऊन चढायच्या आतच शूट करते. रंगीत धुराचे स्मोक बॉम्ब नाहीत आणि ड्रोनही नाही. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे. ड्रोनची आपल्याला नुसती घरघर वाटते, त्याच्यासाठी तो केवढा गोंगाट असेल!

"बघा ना, कसा हसतोय!" हे प्रत्येक शूटला ऐकू येतं. बऱ्याचदा तो हसत नसतो. कान मागे गेलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, झोप आलेली नसताना जांभया देतोय, सारखा ओठ चाटतोय, तर तो घाबरलाय. अशा वेळी मी कॅमेरा खाली ठेवते. पट्टा मात्र काढायचा नाही. मोकळ्या जागेत बिथरून पळाला तर काय करणार? पट्टा एडिटिंगमध्ये पुसता येतो.

कॅमेऱ्याचं तंत्र त्या मानाने सोपं आहे. उभं राहून वरून काढू नका, पोटावर झोपा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या. शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा संथ नको, नाहीतर तो हलला की फोटो धूसर येईल. काळा कुत्रा असेल तर सावलीतला मऊ उजेड शोधा, नाहीतर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा ठिपका दिसेल. गवतावर लाल चेंडू टाकून उपयोग नाही, लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. निळा घ्या.

पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मी मुलीला आधीच विचारते: लग्नानंतर हा कुणाकडे राहणार?

बहुतेक वेळा उत्तर येतं, "आईबाबांकडेच." सासरी कुणाला चालत नाही, फ्लॅट लहान आहे, किंवा तो आता म्हातारा झालाय, घर बदलणं त्याला झेपणार नाही. तिने कॉलेजात असताना घरी आणलेलं पिल्लू माहेरी राहणार आणि ती निघणार. हे कळल्यावर लोणावळ्याच्या रिसॉर्टवर त्याला नेऊन पोझ द्यायला लावणं मला पटत नाही. मी म्हणते, मीच तुमच्या घरी येते. तो जिथे झोपतो तो सोफा, ज्या गॅलरीतून तो खालच्या मांजरांवर भुंकतो ती गॅलरी, आणि रोज त्याला फिरवणारे बाबा. "कशाला हे कुत्रं घरात" म्हणत त्याला पोळीचा तुकडा टाकणारी आईसुद्धा फ्रेममध्ये हवीच. मुलाने फक्त जमिनीवर बसायचं, हाका मारायच्या नाहीत, कुत्र्याला वास घेऊ द्यायचा. तो आपणहून जवळ येऊन टेकतो तेव्हाच मी बटण दाबते. त्याला वेळ लागतो, लागू द्या. मांजर असेल तर तिला घराबाहेर काढायचा प्रश्नच नाही.

घरात असा कुणी असेल तर फोटोग्राफरला पहिल्याच फोनवर त्याचं वय सांगा, तो कशाला घाबरतो ते सांगा, फिरायला किती वाजता जातो तेही सांगा. आणि शूटला त्याच्या ओळखीचं एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा. त्याचे फोटो आधी काढू, मग त्याला घरी जाऊ द्या. तुमचे दोघांचे नंतर निवांत काढता येतात.