‘बसतंय ना, मग झालं तर!’

हे वाक्य मला या वर्षात परत कोणी ऐकवलं तर मी जॅकचा दांडा घेऊन त्याच्या अंगावर धावून जाणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

आमच्या आप्पांची १९६९ सालची जीप आहे. सीजे-३बी, ती उंच बॉनेटवाली. विलीज या अमेरिकन कंपनीने जुन्याच अंगात नवं उंच हरिकेन इंजिन कोंबलं, ते मावेना म्हणून वरचं झाकण उचललं, एवढीच त्या बॉनेटची गोष्ट. अमेरिकेत ही गाडी १९६८ला थांबली, आपल्याकडे महिंद्रा पुढेही काढत राहिली. निफाडच्या मळ्यात हिने द्राक्षाच्या पेट्या वाहिल्या, औषधाचे ड्रम वाहिले, आत्याची वरात वाहिली. मग कोण्या एका शहाण्याने तिची मूळची चाकं भंगारात घालून रुंद मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चकचकीत चाकं, बसवली. तो शहाणा म्हणजे मीच. २००६ साल, कॉलेजात होतो, जाऊ द्या.

आता आप्पांनी ऐंशीत प्रवेश केलाय आणि त्यांचं एकच म्हणणं आहे, ‘माझी गाडी होती तशी कर.’ मला वाटलं, महिनाभराचं काम. मागायचं काय, तर साध्या लोखंडी रिमा. १६ इंची, साडेचार इंच रुंद, पाच भोकांच्या. चार आणि एक स्टेपनी. त्यावर ६.००-१६चे टायर. चंद्रावरची माती मागत नव्हतो.

नाशकातल्या द्वारका चौकापासून सुरुवात केली. पहिल्याच दुकानात, ‘शेठ, बोलेरोची टाका ना, बसतंय.’ दुसऱ्यात, ‘जिप्सीची टाका, बसतंय.’ हो, बसतंय, मला माहितीये बसतंय! चाक धरणारे पाच स्टड, म्हणजे बोल्ट, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर, सगळ्यांचं तेच. पण भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं का? ती १५ इंची. त्यात रुंद रिम बाहेरच्या बाजूला जितकी सरकते तितका भार किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीवर, आणि बेअरिंगवर येतो, आणि या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. वीस वर्षं वळणावर माझ्या खांद्यांनी जे भोगलंय ते कोणाला सांगू? चिखलातही अरुंद टायर काळी माती कापून खालच्या टणक थरावर जातो, रुंद टायर वर तरंगत बसतो. आप्पा हे २००६ सालीच बोलले होते. मी तेव्हा गाण्याचा आवाज वाढवला होता.

एका मॅगव्हीलवाल्याला म्हटलं, अरे, २०१९ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, कंपनीने दिलेल्या मूळ गाडीत फेरफार करू नका. तो म्हणे, ‘काय भो, कोर्ट काय गाडीखाली वाकून बघतंय का?’ आणि मला एकतीस इंची टायरचे फोटो दाखवायला लागला.

मग टायर. हा किस्सा तर ऐकाच. दुकानदाराला सांगितलं ६.००-१६. पठ्ठ्याने अर्ध्या मिनिटात आणून ठेवला. मी खूश! बघतो तर तीन उभ्या पट्ट्यांचा ट्रॅक्टरचा पुढचा टायर. ‘साइज तोच आहे ना शेठ? वाचा.’ वाचलं. साइज तोच होता, शेजारी ए६ पण लिहिलं होतं. म्हणजे जास्तीत जास्त वेग ताशी ३० किलोमीटर. मी म्हटलं, यावर मी मुंबई-आग्रा रोडने ओझरला जाऊ? तर म्हणे, ‘जुनीच गाडी आहे, कुठं पळवताय.’ आणि वर ते वाक्य. तेच.

शेवटी इंटरनेटवर एकाकडे चार रिमा दिसल्या. ‘ओरिजिनल, आर्मी डिस्पोजल’. चार हजाराला एक. फोटोत काळ्याशार, चकचकीत. पैसे पाठवले, ट्रान्सपोर्टने आल्या, मी लहान पोरासारखा गोणपाट फाडलं. अंबडला ओळखीच्या लेथवाल्याकडे नेल्या, त्याने फिरवून बघितल्या. एक चार मिलिमीटर आऊट, म्हणजे फिरताना तेवढी डुलते. दुसरीवर त्याने सहज चुंबक लावलं, ते खाली पडलं. म्हणजे तिथे लोखंडच नाही! पुट्टी भरून, घासून, वर रंग. खरवडलं तर खाली वेल्डिंगचा गोल माळेसारखा सांधा. रुंद केलेली रिम परत कापून अरुंद केलेली. माणूस बसणार आहे रे तिच्यावर, माणूस! फोन केला तर विकणारा थंडपणे म्हणतो, ‘हवा धरते ना?’ त्यानंतर फोन बंद.

चारांतल्या दोन बऱ्या निघाल्या. तिसरी देवळालीकडच्या एका भंगारात मिळाली, किलोच्या भावाने. तो एकटाच आख्ख्या प्रवासात खरं बोलला, ‘लोखंड आहे, बाकी मला कळत नाही.’

आता तीन तर तीन, लावून बघू म्हणून गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याला तीनदा सांगितलं, दादा, डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे आहेत, उलटे फिरव, स्टडवर एल कोरलाय बघ. ‘हो शेठ, वीस वर्षं हेच करतोय.’ मी चहा सांगायला वळलो. घर्रर्र... टक. घर्रर्र... टक. गन लावून दोन स्टड तोडले. आणि वर माझ्याकडेच बघतोय, जणू जीपने त्याचा अपमान केला! अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांचा, डाव्या आट्यांचा स्टड नाशकात मागून बघा एकदा. काउंटरवरचा पोरगा आधी हसतो, मग आत जाऊन मालकाला बोलावतो, मग दोघं हसतात. एकाने तर सल्ला दिला, ‘सगळे सरळ आट्यांचे करून टाका, बसतील.’

चौथ्या रिमेचा पत्ता लागला पिंपळगाव बसवंतजवळच्या एका वस्तीवर. माझा साडू सांगत होता, तिथल्या एका घराच्या ओट्यावर जीपची रिम आहे. गेलो. होती! अंगावर गंज, पण गोल, जाड, सरळ, कुठे वेल्ड नाही. फक्त तिच्यावर पाण्याचा रांजण ठेवलेला. घरच्या आजी पाट्यावर मिरची वाटत होत्या. विनवण्या केल्या, दोन हजार म्हटलं, तीन म्हटलं. आजी म्हणाल्या, ‘पैशाचं काय करू? रांजण कशावर ठेवू?’

हे मला सुचलं नव्हतं असं समजू नका. गाडीत माझं जुनं मॅगव्हील होतं, तेच काढून आणलं. चकचकीत, रुंद, कॉलेजच्या वेळचं. दोघांनी मिळून रांजण उतरवला, त्यावर ठेवला. मी दोन पावलं मागे जाऊन म्हटलं, ‘बघा आजी, बसतोय ना?’

आजींनी ओला हात पदराला पुसला, रांजणाच्या काठाला एक बोट लावलं आणि हळूच ढकललं. पाणी डचमळलं.

‘हालतोय,’ म्हणाल्या. ‘उचल तुझं हे. माझं मला परत दे.’