पाटी ६० ची, मिळतात २४

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंग ॲपवर चार्जरचा वेग ६० किलोवॅट. चार्जरच्या दारावर ठळक अक्षरांत ६० किलोवॅट. आणि गन, म्हणजे केबलचा प्लग, गाडीला लावल्यावर स्क्रीनवर काय, तर २४! गन काढून परत लावली, पुन्हा २४. डोक्यात तिडीक गेली.

कोल्हापूरला निघालो होतो, सातारा मागे पडलेला. मावशी दवाखान्यात, भेटायची वेळ ४ ते ६. मी हिशेब करूनच निघालेला माणूस. २८ युनिट भरायची होती, आमची गाडी ५० च्या आसपास ओढते, म्हणजे पस्तीसेक मिनिटांचं काम. २४ ने त्याला सत्तर मिनिटं लागतात! मे महिन्याचं ऊन, डोक्यावर साधा पत्रा नाही, आई गाडीत. एसी लावला तर तोही त्याच २४ मधून खाणार.

असं का होतं ते मला माहीत आहे, म्हणून तर जास्त संताप येतो. चार्जरच्या त्या कपाटात एकच मोठं यंत्र नसतं. ३०-३० चे दोन किंवा १५-१५ चे चार मॉड्यूल खणांसारखे बसवलेले असतात, प्रत्येक जण लाइनीतल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करतो. एक गेला तरी बाकीचे चालू राहतात. गेलेला खण ओढून काढायचा, नवा सरकवायचा, झालं. इतकी सोयीची रचना! आणि चार्जर चालवणाऱ्या कंपनीने तिचाच गैरफायदा घेतलाय. अर्धा चार्जर चालतोय ना, मग कशाला माणूस पाठवायचा? अख्खा बंद पडला असता तर झक मारत आले असते. तिथला वॉचमन म्हणाला, "दिवाळीपासून असंच आहे, दादा." दिवाळीपासून! आणि आता मे!

बरं, ३०-३० च्या दोनांतला एक मॉड्यूल मेला तरी ३० यायला हवे होते. तेही नाही, कारण हवेची जाळी धुळीने बुजलेली. आत गारवाच पोचत नाही, मग उरलेला मॉड्यूल तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच ताकद कमी करतो. जाळी काढून झटकायला कितीसा वेळ लागतो?

कस्टमर केअरला फोन लावला. "सर, तुमच्या गाडीचा प्रॉब्लेम असेल." अरे, याच गाडीने आदल्या दिवशी पुण्यात ४८ घेतले! आणि "आमच्याकडे तसं काही दिसत नाहीये" हे तर अजिबात सांगू नका. प्रत्येक मॉड्यूल आपलं तापमान, आपला बिघाड आतल्या कंट्रोलरला कळवत असतो आणि चार्जर चोवीस तास तुमच्या सर्व्हरला जोडलेला असतो. माझ्या वॉलेटमध्ये किती पैसे उरलेत ते तुम्हाला पैशापर्यंत कळतं, मेलेला मॉड्यूल मात्र सात महिने दिसत नाही? दर मात्र फास्ट चार्जिंगचाच लावला, वर १८ टक्के जीएसटी.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. आत सोडलं नाही. आईने मावशीसाठी केलेला मऊ भाताचा डबा गेटवर दिला आणि आम्ही परत फिरलो.

मॉड्यूल बदला. तो येईपर्यंत ॲपवर खरा आकडा टाका, २४ तर २४. मला तो निघण्याआधी दिसला असता तर मी दुसरीकडे थांबलो असतो आणि आई आज तिच्या बहिणीजवळ बसली असती.